चाचणीतलं लग्न

माझं लग्न झालं ते एका मंगळवारी, कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. आणि मला त्याचा पत्ता लागला थेट पुढच्या वर्षी. हसू नका. हसायला माझी वहिनी पुरेशी आहे, ती अजून हसतेय.

मी नोंदणी कार्यालयात टायपिस्ट. जन्म, विवाह, मृत्यू. माणूस आला, मध्ये अडकला आणि गेला, तिन्ही नोंदी माझ्या बोटांखालून जायच्या. माझ्या जिभेला हाड नाही असं कार्यालयात सगळे म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात, कारण पाठीमागे म्हटलेलं मला लगेच कळतं. लग्न मी केलं नाही. बघायला आले होते पूर्वी दोघं-तिघं. एकाला मी विचारलं, तुम्हाला येतं काय काय? तो पुन्हा आला नाही. दादा गेल्यापासून घरात मी आणि वहिनी. दोघी भांडतो, दोघी जेवतो, बरं चाललंय.

तर राज्य सरकारने ठरवलं, आता रजिस्टरं बंद, सगळं कॉम्प्युटरवर. राजधानीहून एक ट्रेनर पोरगी आली. राज्यभर हीच शिकवणी घेऊन तिचा घसा बसलेला. तिनं आमच्या जोड्या लावल्या आणि सांगितलं, प्रत्येक जोडीने एक खोटं लग्न नोंदवून दाखवा. सगळे तुटून पडले. कुणी काय, कुणी काय आकडे टाकले, पण मशीन लाल होऊन बसलं. त्याला ओळख क्रमांक खराच पाहिजे.

"आपापलेच टाका हो," पोरगी म्हणाली. "चाचणी आहे. सुरू करायच्या आधी सगळं पुसलं जाणार."

साहेबांनी आपला क्रमांक टाकला आणि शेजारी हेडक्लार्क बाईंचा. मशीन म्हणालं, वर आधीच विवाहित आहे. आमचा शिपाई म्हणाला, "साहेब, घरी कळवायचं का?" तेव्हापासून जो हशा सुरू झाला तो थांबेना. ज्यानं त्यानं प्रयत्न केला, ज्याचं त्याचं लग्न आधीच झालेलं. अख्ख्या कार्यालयात बिनलग्नाची माणसं दोनच. एक मी आणि दुसरे रेकॉर्ड रूमचे.

त्यांना मी मनात घुम्या म्हणते. तोंडावर 'अहो रेकॉर्ड' म्हणते. माणूस असा की शब्दाला पैसे पडतात असं वाटावं. सकाळी येणार, रेकॉर्ड रूमचं कुलूप काढणार, कपाटांच्या मधोमध खुर्ची टाकून बसणार, संध्याकाळी कुलूप लावून जाणार. मध्ये कधी मला एखादं जुनं रजिस्टर लागलं तर शोधून आणून देणार, धूळ पुसून. धूळ मात्र न चुकता पुसून.

"मग तुम्ही दोघंच करा ना," ट्रेनर म्हणाली.

आम्ही केलं. त्यांनी एका बोटाने आपला क्रमांक टाकला. 'लग्नाची जागा' या रकान्यात मी लिहिलं, खिडकीजवळचं टेबल. साक्षीदार शिपाई आणि हेडक्लार्क बाई. साहेबांनी गळ्यातल्या नाडीला बांधलेलं डिजिटल सहीचं डोंगल मशीनला लावलं, बटण दाबलं, आणि हिरवी खूण आली. पहिल्यांदाच काहीतरी जमलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रिंटरमधून प्रमाणपत्र आलं, शिपायाने ते भरल्या गळ्याने वाचायचं सोंग केलं, आणि मग चहा झाला. घुम्याचे कान लाल झाले होते. ते एवढंच म्हणाले, "पुसतील ना पण?"

"हो, हो," पोरगी म्हणाली.

त्यानंतर सिस्टिम सुरू झाली, रजिस्टरं ट्रकमध्ये भरून गेली, आणि मी ते लग्न विसरून गेले.

त्या वर्षी नवीन हुकूम आला की ज्या मुलांची जन्मनोंद नाही त्यांची गावोगाव जाऊन नोंद करा. मला मशीन आणि कॅमेरा देऊन बालगृहात पाठवलं. ओळीने मुलं येत होती, फोटो निघत होते. एक पोरगी आली, सहा-सात वर्षांची, दोन्ही पुढचे दात पडलेले, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. मशीन म्हणतंय, डोळे उघडे ठेवा. मी म्हटलं, डोळे उघड. ती उघडायची, मी बटणाकडे बोट नेलं की मिटायची. तीनदा झालं, चारदा झालं. माझा पारा चढला. अधीक्षिका बाई म्हणाल्या, "ठकी आहे ती ठकी. नाव काही का असेना, सगळे ठकीच म्हणतात. ऐकायची नाही."

"काय गं, डोळ्यांत काय गेलंय तुझ्या?" मी ओरडलेच.

"मिटूनच काढ," ती म्हणाली. "मागं उघडून काढला होता. कुणी आलं नाही."

मला आधी कळलंच नाही. मग अधीक्षिका बाईंनी खालच्या आवाजात सांगितलं. मुलांचे फोटो केंद्राच्या पोर्टलवर जातात. ज्यांना मूल घ्यायचंय ती माणसं फोटो बघतात आणि निवडतात. तान्ही मुलं लगेच जातात. हिचा फोटो कितीतरी दिवस तिथं होता, आणि कुणी आलं नव्हतं.

मी आपली कॅमेऱ्याच्या मागून उठले, तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "उघड की डोळे. आलेय ना मी."

तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "तू मशीन घेऊन आलीस."

"पण आले ना?"

तिनं विचार केला आणि दुसरा डोळा उघडला. फोटो निघाला.

पुढच्या रविवारी माझे पाय आपोआप तिकडे वळले. मग त्याच्या पुढच्याही. ती मला मशीनवाली म्हणायची. फाटकाशी उभी असायची, आणि मी दिसले की आपण उभेच नव्हतो असं दाखवून आत पळायची. पत्त्यांत खोटं खेळायची. पकडली की म्हणायची, "बघत होते, तुला कळतंय का." वहिनीला मी सगळं सांगायचे. एके दिवशी वहिनी पोळपाट बाजूला ठेवून म्हणाली, "वन्सं, रविवारपुरती पोर कुणी भाड्याने देत नाही. आणायची असेल तर रीतसर आणा. मी काय म्हातारी होऊन नुसती तुमचंच तोंड बघत बसू?"

मला ती हवी होती. आता यात लाजायचं काय? मला ती हवी होती, दात पडलेली, खोटं खेळणारी, जशी आहे तशी. एकट्या बाईलाही मूल घेता येतं, पण वयाची अट आहे, आणि येत्या वाढदिवसाला मी त्या अटीपलीकडे जाणार होते. त्याच्या आत अर्ज मंजुरीला लागला पाहिजे. नाहीतर संपलं. मी ठकीला विचारलं, "माझ्या घरी राहायला येशील?"

"तुझ्या घरी मशीन आहे?"

"नाही. वहिनी आहे."

"चालेल," ती म्हणाली.

कार्यालयातच, जेवणाच्या सुट्टीत, केंद्राच्या पोर्टलवर अर्ज भरायला बसले. सगळं भरलं, शेवटचं बटण दाबलं, आणि लाल ओळ आली: अर्जदार विवाहित. पतीची संमती जोडा.

मी म्हटलं, डोळे तर गेले नाहीत माझे? खाली पतीचा फोटो होता. फोटोत घुम्या. फोटोतसुद्धा तोंड मिटलेलं.

राज्यात आणि केंद्रात एरवी विस्तवही जात नाही. रस्ता कुणाचा यावरून यांची भांडणं वर्षानुवर्षं चालतात आणि खड्डे तसेच राहतात. पण माझ्या लग्नाची बातमी मात्र एकाच्या सिस्टिमने दुसऱ्याच्या सिस्टिमला कशी अगदी वेळेवर पोचवली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रेकॉर्ड रूममध्ये आता रजिस्टरं नव्हती, नुसती रिकामी कपाटं. घुम्या तरीही मधोमध खुर्ची टाकून बसले होते, हातात चहा.

"अहो रेकॉर्ड," मी म्हटलं, "आपलं लग्न झालंय."

त्यांनी कप खाली ठेवला. "कधी?"

"ट्रेनिंगमध्ये!"

"पुसणार होते ना?"

"सरकारी काम आहे ते. पुसतात होय!"

ट्रेनर पोरीचा नंबर शोधून फोन लावला. ती बिचारी रडायलाच लागली. पुसायचं काम तिच्या कंपनीकडे होतं, पण मध्येच कंपनीचा ठेका गेला, आणि नव्या कंपनीने होतं ते सगळं उचलून जसंच्या तसं खऱ्या सिस्टिममध्ये टाकलं. तिची नोकरीही गेली होती. मी तिलाच समजावत बसले. मग राजधानीच्या हेल्पलाइनला फोन. आधी गाणं, मग 'तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे', मग परत गाणं. शेवटी एक बाप्या आला आणि त्यानं सांगितलं की झालेलं लग्न रद्द करायला कारण लागतं, आणि कारणं यादीतून निवडायची असतात. मृत्यू. घटस्फोट. कोर्टाचा आदेश. खोटी माहिती.

"लग्न झालंच नाही, असं काही नाही का यादीत?"

"तसं कुणी करत नाही ना मॅडम," तो म्हणाला. मग म्हणाला, "ज्या अधिकाऱ्याने सही केली त्याने लिहून दिलं की ही चाचणी होती, तर आम्ही काढून टाकू."

म्हणजे साहेब. आमचे साहेब माणूस वाईट नाही, पण स्वतःच्या सावलीला भितात. त्यांनी दार लावून घेतलं. "बाई, निवृत्तीला आलोय मी. खोट्या लग्नावर सरकारी सही केली असं लिहून देऊ? चौकशी लागेल मागे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि एवढं कशाला? नवरा आहे ना सिस्टिममध्ये? मग त्याची संमती घ्या की! जोडप्याला तर लवकर मूल मिळतं. पोर घरी येऊ द्या, मग बघू लग्नाचं."

खरं सांगते, मला ते पटलं. लगेच पटलं. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते! मी धावतच रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि घुम्याला म्हटलं, तुमच्या मोबाइलवर नंबर येईल, तेवढा सांगा, झालं काम.

ते म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"खोटं आहे ते."

"अहो, एक बटण! एक बटण दाबायला तुमच्या बापाचं काय जातंय?"

मी कमरेवर हात ठेवून तशीच उभी राहिले.

"बाप नव्हता मला," ते म्हणाले. "एकदा मिळाला होता."

मी हात खाली घेतले.

"लहान होतो. बालगृहातून एका घरी नेलं होतं. चांगली माणसं होती, बाई. खूप चांगली. कागदात काहीतरी खोटं लिहिलं होतं त्यांनी, लवकर काम व्हावं म्हणून. त्यांच्याच कुणीतरी तक्रार केली. मग जीप आली." त्यांनी कप उचलला, पुन्हा तिथंच ठेवला. "मी जेवत होतो. म्हटलं, एवढं संपवतो. पण त्यांना घाई होती."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी कपाटाच्या फळीवर बसले. जिथं रजिस्टरं असायची तिथं.

"तिला आणा," ते म्हणाले. "पण अशी आणा की परत न्यायला कुणाचा बाप आला तरी नेता येणार नाही."

मला माझ्या जिभेची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या अर्ध्या ताटाचं वाईट वाटलं. मी म्हटलं, "चुकले." ते म्हणाले, "चहा घ्या." मी त्यांचा अर्धा चहा प्यायले.

मग मी साहेबांच्या मागे लागले. रोज सकाळी, संध्याकाळी. समजावलं, आरडाओरडा केला, एकदा तर रडलेसुद्धा, आणि मी रडते तेव्हा ते काही बघण्यासारखं नसतं. पालथ्या घड्यावर पाणी. साहेब म्हणायचे, बघू. वाढदिवस जवळ येत चालला. वहिनीने घरात एक छोटी गादी शिवून ठेवली होती. ती कपाटावर होती, आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

त्या रविवारी ठकी फाटकाशी नव्हती. आत गेले तर आपल्या कॉटवर बसली होती, बाजूला एका ओढणीत बांधलेलं गाठोडं.

"काय गं हे?"

"माझं सामान. दोन फ्रॉक, आणि हे, आणि कंगवा. कंगवा माझाच आहे."

"आज नाही गं न्यायचं. अजून कागद व्हायचेत."

"माहितीये," ती म्हणाली. "पण मशीनचं काय सांगता येत नाही. एकदम होतं." आणि तिनं पत्ते काढले. त्या दिवशी ती खोटं खेळली नाही. एकदाही नाही. शहाण्या मुलीसारखी हरत राहिली. परत येताना मी रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडले. लोक बघत होते. बघा म्हटलं.

बुधवारी सवयीने पोर्टल उघडलं. रोज उघडायचे, रोज लाल ओळ असायची. त्या दिवशी नव्हती. अर्जदार: अविवाहित.

मी बटण दाबलं. अर्ज स्वीकारला, मंजुरीसाठी पुढे. जीव भांड्यात पडला. मी इतक्या मोठ्याने ओरडले की शिपायाने बाहेरून विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कुणी गेलं नाही, येतंय! साहेबांचे पाय धरायचे म्हणून उठले, पण साहेब तर रजेवर. मग केलं कुणी?

आमच्या सिस्टिममध्ये जाऊन ती विवाहनोंद उघडली. नोंद रद्द. कारण: खोटी माहिती, वराने स्वतः दिलेली कबुली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कबुली देणाऱ्याची खातेनिहाय चौकशी होईल, आणि अशा व्यक्तीला यापुढे विवाह नोंदवता येणार नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग उठले.

घुम्या रेकॉर्ड रूममध्ये आपला कप कागदात गुंडाळत होते. खुर्चीवर कापडी पिशवी. चौकशी संपेपर्यंत घरी बसायचा निरोप त्यांना आला होता.

"मला न विचारता काडीमोड दिलात?" मी दारातच म्हटलं.

"वाढदिवस जवळ आला होता तुमचा."

"खोटी माहिती दिली म्हणून लिहून दिलंत! तुम्ही! आयुष्यात कधी..."

"खोटं काय त्यात? खोटीच तर होती माहिती. मीच टाकला होता क्रमांक."

"आणि खालचं? ते वाचलंत का बारीक अक्षरातलं?"

"वाचलं."

"तुम्हाला आता लग्न करता येणार नाही."

त्यांनी कप पिशवीत ठेवला. बाहेर शिपाई कुणाला तरी सांगत होता की आज सर्व्हर चालू आहे, उद्याचं सांगता येत नाही.

"विचारायला मला अजून दहा-बारा वर्षं तरी लागली असती, बाई," ते म्हणाले. "तेवढ्यात पोर मोठी झाली असती."

ते माझ्या बाजूने निघून गेले. जाताना त्यांनी रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. पुसलेल्या.

साहेब रजेवरून आले त्या सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. ओरडले नाही. मला वाटतं त्यानेच ते घाबरले. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "साहेब, तो माणूस घरी बसलाय. तुमची सही होती, माझं टायपिंग होतं, टाळ्या सगळ्या कार्यालयाच्या होत्या. आणि घरी तो बसलाय." त्याला लहानपणी जेवणावरून कसं उठवलं तेही सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, त्याचं ते त्यानं सांगायचं. पण सांगितलं.

साहेबांनी गळ्यातली नाडी काढली, डोंगल टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "टाइप करा, मी सांगतो. 'सदर नोंद ही प्रशिक्षणातील चाचणी असून ती माझ्यासमोर, माझ्या सहीने झाली आहे. चूक माझी आहे.'"

"आमचीही लिहा," मी म्हटलं.

"अधिकारी मी आहे का तुम्ही?" ते म्हणाले. त्यांना रागावलेलं मी प्रथमच बघत होते, आणि फार बरं वाटलं.

साहेबांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली आणि नंतर चार लोकांना जरा अभिमानानेच दाखवली. घुम्या परत आले. पण ती बारीक अक्षरातली अट काही निघाली नाही. फाइल वर गेलीय म्हणतात. सरकारी काम, सहा महिने थांब. मी थांबते. मला काय घाई आहे? दहा-बारा वर्षं तर तेच म्हणाले होते.

माझी मंजुरी वाढदिवसाच्या आधी आली. बालगृहाचे सगळे सोपस्कार झाले, घर बघायला माणसं येऊन गेली, वहिनीने त्यांना इतका आग्रह केला की ती पळायच्या बेतात होती. आणि मग एका सकाळी ठकी गाठोडं घेऊन आमच्या कार्यालयात आली. पालक म्हणून शेवटची नोंद आमच्याच खिडकीजवळच्या टेबलावर करायची होती. रेकॉर्ड रूम बंद झाल्यामुळे घुम्याला आता कॅमेऱ्याचं टेबल दिलं होतं. सगळे कामं सोडून जमले होते. वहिनी पुढच्या खुर्चीत नटून बसली होती.

अर्जात शेवटी एक रकाना होता. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं. वहिनीचा नंबर तर होताच, अजून एक पाहिजे होता. मी घुम्याचा टाकला. मग नातं निवडायची यादी उघडली. पती, भाऊ, वडील, मेहुणा, शेजारी. पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली. घुम्या कॅमेऱ्याची काच पुसत होते, पुसलेलीच परत पुसत होते.

"काय झालं वन्सं, घोडं कुठं अडलं?" वहिनी म्हणाली.

"यादीत नाहीये," मी म्हटलं आणि 'इतर' निवडलं.

"इतर म्हणजे कोण?" ठकीने विचारलं. तिला आता थोडं थोडं वाचता येत होतं.

"ते बघ, ते," मी म्हटलं.

ठकीने घुम्याला नीट न्याहाळलं. "पत्ते खेळता येतात का यांना?"

"शिकेन," घुम्या म्हणाले.

मग फोटो. पालक आणि मूल, दोघांचा एकत्र. मी खुर्चीवर, ठकी माझ्या मांडीवर, गाठोडं तिच्या मांडीवर, कारण ते खाली ठेवायला ती तयार नव्हती. मला भीती वाटत होती की ती परत डोळे मिटेल. पण तिनं डोळे असे टक्क उघडले होते की पापणीसुद्धा हलत नव्हती. घुम्याने बटण दाबलं. मशीन लाल झालं. डोळे उघडे ठेवा.

"उघडेच आहेत की माझे!" ठकी ओरडली.

"तिचे नाही, बाई," घुम्या हळूच म्हणाले. "तुमचे."

मी डोळे उघडायला गेले तर उघडेनात. सगळं गळत होतं. मी, कार्यालयातली तिखट बाई, साहेबांसमोर, शिपायासमोर, अशी हमसून हमसून रडत होते, आणि वहिनी हसत होती आणि तीही रडत होती. ठकी मांडीवर वळली. गाठोड्याची एक गाठ सोडून तिनं ओढणीचं टोक काढलं आणि माझे डोळे पुसले, जोरात, आपण बशी पुसतो तसे.

"ए मशीनवाली," ती म्हणाली. "उघड की डोळे. आलेय ना मी."

"परत काढू," घुम्या म्हणाले. "घाई नाही."